नऊ नव्हे, दहा

क्लबच्या सामन्यांत मी बरीच वर्षं स्कोअरिंग करतोय. स्कोअरबुकात फलंदाजाच्या वाट्याला एक आडवी ओळ येते. शतकापर्यंत ती कशीबशी पुरते, पुढे अक्षर बारीक करायचं नाहीतर खालच्या ओळीत घुसायचं. बंडगार्डन रस्त्यावरच्या पूना क्लबच्या मैदानावर डिसेंबर १९४८ मध्ये बसलेल्या स्कोअररची मला म्हणूनच दया येते. समोर भाऊसाहेब निंबाळकर खेळत होते.

रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. काठेवाड २३८ मध्ये आटोपला. मग निंबाळकर आणि कमल भांडारकरांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकर २०५ वर गेले, हे खेळतच राहिले. ४९ चौकार, १ षटकार, म्हणजे २०२. उरलेल्या २४१ धावा पळून काढलेल्या. जोडीदारांसाठी पळाले ते वेगळंच! सव्वाआठ तास हेच चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी उपाहाराला महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा विश्वविक्रम नाबाद ४५२ चा. सगळे ‘नऊ धावा कमी पडल्या’ म्हणतात. नवाने बरोबरी झाली असती, मोडायला दहा लागत होत्या. पण काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, पुढे खेळायला तयार होईनात. संघ सामना सोडून निघून गेला.

ठाकूरसाहेबांना रडीचा डाव खेळले म्हणून आजही नावं ठेवली जातात. ठेवा खुशाल. पण ५८८ धावांनी पिछाडीवर पडलेल्या संघाला पुन्हा उन्हात धावायचा कंटाळा आला, हे मी समजू शकतो. मला समजत नाही ती निवड समिती. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात होता. मुंबईची दुसरी कसोटी या सामन्याच्या तोंडावरच संपली होती, कलकत्त्याची तिसरी ३१ डिसेंबरला सुरू झाली. निंबाळकर संघात नाहीत! हजारे, मोदी, अधिकारी अशी फळी होती, मान्य. तरी फेब्रुवारीत शेवटच्या कसोटीत ३६१ च्या पाठलागात आपण ३५५ वर अडकलोच.

पुढे त्यांना एक अनधिकृत कसोटी मिळाली, खरी कधीच नाही. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, रेल्वे अशा संघांकडून ते खेळले. प्रथम श्रेणीत ८० सामने, ४८४१ धावा, ४७.९३ ची सरासरी, १२ शतकं, वर मध्यमगती गोलंदाजीचे ५८ बळी. भारतीय फलंदाजाची सर्वोच्च प्रथम श्रेणी खेळी अजूनही त्यांचीच.

२००२ मध्ये क्रिकेट मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव दिला. ११ डिसेंबर २०१२ ला, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते कोल्हापुरात गेले. बातम्यांत पुन्हा त्या नऊ धावाच. १९५२-५३ ची रणजी होळकर संघाने जिंकली, तेव्हा अंतिम सामन्यात बंगालविरुद्ध याच माणसाने द्विशतक ठोकलं होतं; ते मी तरी एकाही बातमीत वाचलं नाही.