लाकडी सामानाचा लहान धंदा : हुन्नर आणि हिशेब

शालेय शिक्षण संपत आले म्हणजे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो. त्याचे उत्तर बहुधा नोकरी हेच असते. हातांनी करावयाच्या धंद्याचे नाव निघाले की वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर आठी पडते. वास्तविक प्रभु येशू ख्रिस्ताने नासरेथात सुतारकाम केले, गोरोबाकाका मडकी घडवीत आणि सावतोबा मळा शिंपीत. हस्तव्यवसाय हलका, ही समजूत धर्मालाही धरून नाही आणि व्यवहारालाही नाही. तथापि पालकांची एक शंका मात्र रास्त आहे. हातात कला असूनही पुष्कळ कारागीर कर्जातच का राहतात? ह्या शंकेचे उत्तर न देता कोणासही धंद्यात पडण्याचा उपदेश करणे योग्य नव्हे.

शरणपूर हे नाव प्रत्येक नाशिककराच्या परिचयाचे आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस ह्यांनी १८५४ च्या सुमारास ही वसाहत स्थापिली. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकन मुले येथे आणली जात आणि त्यांस लिहिण्यावाचण्याबरोबर सुतारी व लोहारीही शिकविली जाई. बेडी तुटल्याने मनुष्य स्वतंत्र होतो खरा. पण ते स्वातंत्र्य टिकावयाचे तर पोटाचे साधन स्वतःच्या हातात असावे लागते, हे त्या शिक्षणामागील तत्त्व होते. येथेच शिकलेला जेकब वेनराइट हा पुढे डॉ. लिव्हिंग्स्टन ह्यांच्या अखेरच्या प्रवासात त्यांजबरोबर होता. १८७३ साली त्या थोर प्रवाशाचे देहावसान झाले, तेव्हा तेथील झाडाच्या खोडावर स्मारकाची अक्षरे ह्याच जेकबने कोरली. १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रिअर टाउन ही वसाहत उभी राहिली, तीत नाशिकहून गेलेली अनेक माणसे होती.

म्हणजे हुन्नर मनुष्यास आपल्या पायांवर उभा करतो. मग कारागीर कर्जात का राहतो? त्याचे एक कारण आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत सापडते. सुतार हा गावच्या बलुतेदारांपैकी एक. वर्षभर नांगर, वखर व गाड्या दुरुस्त कराव्यात आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यावे, ही त्याची रीत. त्या रीतीत अमुक कामास किती दिवस लागले, हे मांडण्याचे कारणच पडत नसे. पुढे व्यवहार पैशाचा झाला, परंतु आपल्या श्रमाची किंमत न मोजण्याची सवय मात्र राहिली. धंदा बहुधा येथेच बुडतो.

आता प्रारंभ कसा करावा ते पाहू. करवत, रंधा, दोन-तीन रुंदीच्या पटाश्या, गुण्या, हातोडी, गिरमिट आणि शिकंजा एवढ्या हत्यारांवर आरंभ होऊ शकतो. पहिले सहा महिने नवे सामान करण्यापेक्षा दुरुस्तीची कामे घ्यावीत. त्यांस लाकडाचे भांडवल थोडे लागते, आणि खुर्ची कोठे मोडते, टेबल कोठे डुगडुगते, ह्याचे ज्ञान फुकट मिळते. बहुतेक सामान सांध्यात मोडते. एका लाकडास कुसू काढून ते दुसऱ्याच्या भोकात घट्ट बसविण्याची कला साधली, की निम्मी सुतारी साधली असे समजावे.

दुसरी गोष्ट लाकडाची. लाकूड तोडल्यावरही हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते व आकसते. हा फरक लांबीत जवळजवळ नसतो. रुंदीत मात्र पुष्कळ असतो. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते आणि वैशाखात त्याच दाराला फट पडते, हा अनुभव घरोघरी आहे. म्हणून ओल्या लाकडाचे सामान कधीही करू नये. फळ्या सावलीत, मध्ये चिपा घालून, वारा खेळेल अशा रचाव्यात. एक इंच जाडीस सुमारे एक वर्ष, हा जुना आडाखा आहे. नवशिक्याजवळ एवढा अवधी नसतो. त्याने वखारीतून वाळलेले लाकूड घ्यावे, अथवा पाडलेल्या जुन्या घरांचे सागवान शोधावे. ते पूर्ण मुरलेले असते. त्यातील खिळे मात्र आधी काढावेत, नाहीतर करवतीचे दात जातील. जंगलातील लाकडाच्या वाहतुकीवर १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली निर्बंध आहेत. यास्तव पावतीवाचून लाकूड घेऊ नये.

तिसरी आणि मुख्य गोष्ट हिशेबाची. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असा दाखला शुभवर्तमानात आहे. तो आपण एका चौरंगास लावून पाहू. वरची फळी १८ इंच लांब, १८ इंच रुंद व १ इंच जाड. चार पाय २ इंच चौरस व १० इंच उंच. चार पट्ट्या १५ इंच लांब, ३ इंच रुंद व १ इंच जाड. ह्यांचे घनफळ अनुक्रमे ३२४, १६० व १८०, म्हणजे एकूण ६६४ घन इंच. कापण्यात व रंधण्यात जाणाऱ्या लाकडासाठी एक तृतीयांश अधिक धरले, तर सुमारे ८८५ घन इंच होतात. एका घनफुटात १,७२८ घन इंच असल्याने चौरंगास अर्धा घनफूट लाकूड लागले.

समजा, लाकडाचा भाव घनफुटास ३,००० रुपये आहे. मग लाकूड १,५०० रुपयांचे. सरस, काचकागद व पॉलिश २०० रुपये. जागेचे भाडे, वीज व हत्यारांची झीज २०० रुपये. आणि दोन दिवसांची मजुरी, रोजी ८०० रुपयांप्रमाणे, १,६०० रुपये. एकूण ३,५०० रुपये झाले. त्यावर दहावा हिस्सा नफा धरला तर विक्रीची किंमत ३,८५० रुपये येते. आता हिशेब न करणारा कारागीर पाहा. तो चौरंग २,२०० रुपयांस विकतो, लाकूड व सरस-पॉलिश वजा करतो आणि ५०० रुपये सुटले म्हणून समाधान मानतो. भाडे व झीज वजा जाता त्यास दोन दिवसांचे ३०० रुपये, म्हणजे रोजी १५० रुपये मिळाले. आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.

कारखान्यातील दाबीव फळ्यांचे सामान स्वस्त असते, हे खरे. स्वस्ताईत त्याच्याशी स्पर्धा करणे व्यर्थ आहे. परंतु घरातील नेमक्या कोपऱ्यात बसेल असे कपाट, मुलाच्या उंचीचे अभ्यासाचे मेज आणि वीस वर्षांनीही दुरुस्त होईल असा सांधा हे देणे लहान कारागिरास साधते. त्याने काम घेताना निदान लाकडापुरता विसार घ्यावा, उधारी टाळावी आणि दिलेली तारीख पाळावी. आज भांडवलासाठी सावकाराच्या दारी जाण्याचे कारण नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय असून त्यांत सुतारीचा समावेश आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या पात्र कारागिरास प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तीत तरतूद आहे. मात्र ज्यास चौरंगाचा हिशेब मांडता येत नाही, त्यास पाच टक्क्यांचे कर्जही जड जाईल.

विद्यार्थी मित्रहो, गणिताच्या तासास घनफळ शिकता ते ह्याच कामाचे आहे. आणि पालकांस एक विनंती आहे. मुलास अथवा मुलीस ह्या कामाची आवड दिसली, तर येत्या सुटीत शेजारच्या जाणत्या सुताराच्या हाताखाली तिला किंवा त्याला एक चौरंग करू द्यावा. तयार चौरंगाबरोबर त्याच्या खर्चाचा कागदही मागून घ्यावा, आणि दोन्ही नीट तपासावेत. चौरंग डुगडुगत नसेल आणि कागदावर मजुरीचा रकाना भरलेला असेल, तर ह्या धंद्याविषयी निर्धास्तपणे बोलण्यास हरकत नाही.