आधी थांबवायचं, मग दिसायचं

सकाळी साडेआठ

ओपीडी नऊला उघडते, पण माझं काम त्याआधी सुरू होतं. पुण्यातल्या डोळ्यांच्या एका रुग्णालयात मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि कॉन्टॅक्ट लेन्सचा विभाग सांभाळते. आठवड्यातला आजचा दिवस केरॅटोकोनसच्या पेशंटसाठी राखून ठेवलेला असतो. काल वापरलेल्या ट्रायल लेन्स रात्रभर पेरॉक्साइडमध्ये होत्या. ते रसायन पूर्ण निष्क्रिय झालंय ना, हे बघितल्याशिवाय एकही लेन्स मी डबीत परत ठेवत नाही, कारण अर्धवट राहिलेलं पेरॉक्साइड डोळा भाजून काढतं. मग प्रत्येक लेन्सची कड भिंगाखाली बघायची. कपची उडालेली असेल तर ती सेटमधून बाद.

सव्वानऊ

बार्शीहून आलेला बारावीचा मुलगा आणि त्याची आई. फायलीत दोन वर्षांत बदललेले चष्म्याचे चार नंबर आहेत आणि प्रत्येक वेळी तिरका नंबर वाढलेला आहे. रेटिनोस्कोपने डोळ्यात उजेड टाकला, तर परत येणारी झळाळी एका पट्टीत सरकायला हवी. याच्या डोळ्यात ती कात्रीच्या पात्यांसारखी उघडते-मिटते. स्कॅन होण्याआधीच अंदाज आला.

"डोळे चोळतोस का रे?"

तो नाही म्हणाला. आई म्हणाली, "मॅडम, अभ्यासाला बसला की बोटांच्या पेरांनी चोळतच असतो. लहानपणापासून उन्हाळ्यात खाज येते त्याला."

स्कॅनच्या नकाशात बुबुळाचा खालचा भाग लाल आला. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, साधारण 540 मायक्रॉन जाड असतो, अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर. याचा सगळ्यात पातळ भाग 455 आहे. पातळ झालेला भाग आतल्या दाबाने पुढे येतो, शंकूसारखा होतो, हाच केरॅटोकोनस, आणि एका दिव्याचे चार दिवे दिसायला लागतात. सहा महिन्यांपूर्वीचा स्कॅन त्यांनी जपून आणला होता, म्हणून बरं. तेव्हा सगळ्यात उंच जागेची वक्रता 50.2 होती, आज 52 आहे. वर्षात एका अंकाने वाढली तरी आजार पुढे सरकतोय असं धरतात. इथे सहा महिन्यांत 1.8.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांना क्रॉसलिंकिंग सांगितलं. आपल्याकडे फायलीवर 'सी-थ्री-आर' लिहितात, तेच. बाहेर बाकावर आईने मला विचारलं, "म्हणजे ऑपरेशननंतर चष्मा जाईल ना?"

दिवसभरात सगळ्यात जास्त वेळ मी या प्रश्नाला देते. या आजारात दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे आजार थांबवणं, दुसरं म्हणजे नीट दिसणं. क्रॉसलिंकिंग पहिलं काम करतं. बुबुळावरची वरची पातळ साल काढून रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब टाकतात आणि मग 365 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देतात. त्याने कॉर्नियातले कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये ही पद्धत तयार झाली, आणि माणसांवरचे तिचे निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. त्या मूळ पद्धतीत अर्धा तास थेंब आणि अर्धा तास प्रकाश असे. आता प्रकाश वाढवून वेळ कमी करतात. नेहमीच्या पद्धतीला कॉर्निया निदान 400 मायक्रॉन लागतो, म्हणून 455 वर असताना ठरवणं आणि 390 वर पोचल्यावर ठरवणं यात फार अंतर आहे. उंचवटा थोडा बसला तर नशीब. चष्मा मात्र राहणार, कदाचित लेन्स लागणार.

वडील फोनवर होते. "मॅडम, ते लेसरने नंबर घालवतात ते करून टाकू का?" त्यांना मी ठामपणे नाही म्हटलं. त्या लेसरने कॉर्निया आणखी पातळ होतो. केरॅटोकोनसच्या डोळ्याला ते चालतच नाही, आणि ज्याला हा आजार आहे हे कळलं नाही अशा डोळ्यावर ते झालं, तर आजार उसळून येतो.

निघताना मुलाचा हात हातात घेऊन सांगितलं, आजपासून चोळणं बंद. खाज आली की थंड पाण्याची पट्टी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले ॲलर्जीचे थेंब. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे थेंब आणायचे नाहीत, त्याने काचबिंदू होऊ शकतो. धाकट्या बहिणीचा नंबरही वाढतोय असं आई सहज बोलून गेली. तिलाही स्कॅनला आणायला सांगितलं, कारण हा आजार घराण्यात येऊ शकतो.

पावणेअकरा

परवा क्रॉसलिंकिंग झालेली कॉलेजची मुलगी. काळा चष्मा, हातात रुमाल, डोळ्यातून पाणी. साल परत भरून येईपर्यंत दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं, आणि हे आधी सांगितलेलं असलं की लोक घाबरत नाहीत. बँडेज लेन्स जागेवर आहे, जखम भरतेय. काही आठवडे धूसर दिसेल.

सव्वाअकरा

चाकणला सीएनसी मशीनवर काम करणारे दादा, वय बत्तीस. गेली काही वर्षं स्कॅन जसाच्या तसा आहे, म्हणजे थांबवण्याचा प्रश्न त्यांच्या वयाने सोडवला. तिशीनंतर हा आजार बहुधा स्थिरावतो. अडचण दिसण्याची आहे. चष्म्याने 6/24. सेमीसॉफ्ट लेन्सने 6/9 दिसतं, पण कारखान्यातला कण लेन्सखाली गेला की मशीन थांबवून डोळा धरून बसायची वेळ येते. एकदा तर मान वळवताना लेन्स उडून कूलंटमध्ये पडली.

सेमीसॉफ्ट म्हणतात, पण ती कडकच असते आणि कडक आहे म्हणूनच काम करते. साधी मऊ लेन्स बुबुळाच्या उंचसखलपणावर तशीच बसते. कडक लेन्स आपला गोल आकार सोडत नाही, आणि खालच्या फटी अश्रू भरून काढतात. मग डोळ्याला पुढून एक गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. न्यूझीलंडच्या पॉल रोझ यांनी शंकूच्या आकारासाठीच आखलेली रोझ-के आम्ही आजही सर्रास देतो. माझ्या मते बहुतेकांनी सुरुवात तिथूनच करावी. धुळीत काम करणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे, त्यांना मी स्क्लेरल दाखवते.

स्क्लेरल लेन्स मोठी, 15 ते 18 मिलिमीटरची. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, बुबुळाला शिवतही नाही. लेन्सच्या वाटीत परिरक्षक नसलेलं सलाइन काठोकाठ भरायचं, मान खाली घालून चेहरा जमिनीला समांतर करायचा आणि लेन्स प्लंजर नावाच्या दांडीवर धरून खालून वर आणायची. दादांनी पहिल्यांदा लावली तेव्हा आत बुडबुडा राहिला. दुसऱ्यांदा पापणी मिटली आणि सगळं सलाइन गालावरून शर्टावर गेलं. मी त्यांना म्हटलं, "आरशाकडे बघू नका दादा, प्लंजरच्या मधल्या भोकाकडे बघा." त्या भोकातून खालचा दिवा दिसतो, त्यावर नजर ठेवली की डोळा हलत नाही. तिसऱ्यांदा बसली. भिंतीवरच्या तक्त्याकडे बघून ते काही बोललेच नाहीत. मग खालच्या ओळी वाचायला लागले आणि वाचतच राहिले.

लगेच ऑर्डर देत नाही. सलाइनमध्ये फ्लोरेसिनचा थेंब घातलेला असतो, निळ्या प्रकाशात तो हिरवा दिसतो, आणि त्या हिरव्या थराच्या जाडीवरून लेन्स आणि बुबुळ यांच्यातलं अंतर कळतं. आत्ता 300 मायक्रॉन आहे. पण लेन्स हळूहळू पांढऱ्या भागात रुतते, म्हणून दोन तास लावूनच बसायला सांगितलं.

दुपारी एक

डबा. दादा बाहेर वडापाव खाऊन आले.

काचेची पहिली लेन्स 1888 साली झ्युरिकच्या आडोल्फ फिक यांनी डोळ्यावर बसवली, तीही पांढऱ्या भागावर टेकणारीच होती. काचेतून प्राणवायू आत जात नाही, त्यामुळे ती फार वेळ ठेवता येत नसे. त्याच वर्षी पॅरिसमध्ये युजीन काल्ट यांनी केरॅटोकोनसच्या पेशंटवर असाच प्रयोग केला. प्राणवायू जाऊ देणारं प्लास्टिक यायला पुढे कित्येक दशकं गेली. एवढं थांबल्यानंतर हाताशी आलेली ही गोष्ट पैशांमुळे लोकांना नाकारावी लागते, याचं मला खरंच वाईट वाटतं. स्क्लेरल सेमीसॉफ्टच्या कित्येक पट महाग आहे.

दीड वाजता अंतर 190 वर आलं. उत्तम. दादांनी फोन करून मालकाकडे उचल मागितली.

तीन

बीडच्या शाळेतल्या बाई, वय चव्वेचाळीस. उजव्या बुबुळावर मधोमध पांढरट डाग. काही वर्षांपूर्वी एका सकाळी उठल्या तर डोळा दुधाळ झाला होता. कॉर्नियाच्या आतल्या थराला फाट जाऊन पाणी आत शिरतं, त्याला हायड्रॉप्स म्हणतात. सूज उतरली, डाग राहिला. त्यांना बाहेर कॉर्निया बदलायला सांगितलंय.

या आजारात कॉर्निया बदलण्याच्या मुख्य दोन पद्धती आहेत. डाल्कमध्ये आतला थर पेशंटचा स्वतःचाच ठेवतात, त्यामुळे शरीराने नवा कॉर्निया नाकारण्याचा मोठा धोका टळतो. केरॅटोकोनससाठी शक्य असेल तिथे तीच चांगली. पण बाईंचा तोच थर एकदा फाटलेला आहे, म्हणून डॉक्टरांना पूर्ण जाडीचा कॉर्निया बदलावा लागण्याची शक्यता जास्त वाटते. मग दीर्घकाळ थेंब, वर्षभर किंवा त्याहून अधिक टाके, डोळ्याला मार लागू न देण्याची कायमची काळजी, आणि एवढं होऊनही बऱ्याच जणांना तिरक्या नंबरासाठी पुन्हा कडक लेन्स लागतेच. शिवाय तो कॉर्निया कुणाच्या तरी घरून यायचा असतो, दुःखाच्या घडीला सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन करणाऱ्या घरून.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. चांगली बसवलेली लेन्स घालून बघितल्याशिवाय कॉर्निया बदलायला जाऊ नये. बाईंना स्क्लेरल लावली. उजव्याने 6/18, डावा सेमीसॉफ्टने 6/9. त्यांनी पर्समधून उत्तरपत्रिका काढली आणि एक पान वाचून बघितलं.

"मॅडम, मधल्या त्या रिंगा बसवतात म्हणे?"

कॉर्नियात बसवलेल्या रिंगांमुळे शंकू थोडा सपाट होतो. पूर्वी फक्त प्लास्टिकच्या असत. चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी दान केलेल्या कॉर्नियाच्याच पट्ट्या वापरायची पद्धत काढली, ती 2018 साली प्रसिद्ध झाली. पण मधोमध डाग असेल तर रिंगांनी तो जात नाही. बाईंनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि लेन्सचं माप दिलं.

साडेपाच

लॅबला मापं पाठवणं, उद्याच्या पेशंटना फोन. स्कॅनला येणाऱ्यांना आधीपासून लेन्स काढून ठेवायला सांगते, मऊ असेल तर आठवडाभर, कडक असेल तर त्याहून जास्त. लेन्सने दबलेलं बुबुळ खोटा आकार दाखवतं.

सव्वासात

गाडी काढताना फोन वाजला. वसतिगृहातला जुना पेशंट, इंजिनिअरिंगचा मुलगा. काल लेन्स न काढताच झोपला, डबीही नळाच्या पाण्याने धुतली, आणि आता डोळा लाल आहे, उजेड सहन होत नाही. नळाच्या पाण्यातला अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव बुबुळात शिरला तर महिनोन्‌महिने औषध चालतं. मी त्याला सांगितलं, लेन्स काढ पण टाकू नको, डबी आणि सोल्यूशनची बाटली पिशवीत घाल, तपासायला लागतील. मेडिकलमधून कुठलेही थेंब घेऊ नको. मित्राला गाडी चालवायला सांग आणि आत्ताच नीघ, रात्रपाळीच्या डॉक्टरांना मी कळवते.