आळस कीं निर्वेद ?

घरांत चार वडील मंडळी जमलीं, कीं पदवी घेऊन बसलेल्या एखाद्या मुलाचा विषय निघतोच. आणि 'हल्लीं तो अर्जसुद्धां करीत नाहीं, आळशी झाला,' असा निकाल तत्काळ लागतो. आमच्या पुतण्याविषयीं आम्हींहि तोच निकाल दिला होता. तो चुकीचा होता.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत. त्यांत आलस्य वेगळें आणि निर्वेद वेगळा. आलस्य स्वभावानें येतें, पोटभर जेवल्यानेंहि येतें; निर्वेदाच्या कारणांत मात्र दारिद्र्य, अपमान आणि अधिक्षेप, म्हणजे टाकून बोलणें, यांची गणना आहे. बाहेरून दोघेहि स्वस्थ बसलेले दिसतात; परंतु एकाला उठावयाचें नसतें, दुसऱ्याचें उठण्याचें बळ गेलेलें असतें.

हा भेद केवळ पोथींतला नव्हे. ऑस्ट्रियांतील मारिएन्थाल गांवचा कापडाचा कारखाना १९२९-३० च्या सुमारास बंद पडला व बहुतेक सारा गांव बेकार झाला. मारी याहोदा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथें केलेली पाहणी १९३३ सालीं प्रसिद्ध झाली. लोकांना वेळ हवा तितका, ग्रंथालयाची वर्गणीहि माफ. तरी पुस्तकें नेण्याचें प्रमाण सुमारें निम्म्यावर आलें. रस्त्यानें चालणाऱ्यांची गतिसुद्धां मंदावली. सारा गांव एकदम आळशी व्हावा, हें संभवत नाहीं.

आपल्याकडे २०१७ पासून चालू असलेल्या सरकारी श्रमबल-पाहणींत, जो काम शोधीत नाहीं व करण्यास तयार असल्याचेंहि सांगत नाहीं, त्याची गणना बेकारांत होत नाहीं. तो श्रमबलाबाहेरचा ठरतो. सरकारच्या हिशेबांतून असा मुलगा गळला, तरी घराच्या हिशेबांतून गळूं नये.

पुतण्याच्या बहुतेक अर्जांना उत्तरच आलें नाहीं. तेव्हां आम्हीं म्हटलें, 'वशिल्यावांचून कोण विचारतो ?' पुढें एका दुकानांत हिशेबनिसाचें काम मिळत होतें. तेव्हां म्हटलें, 'आपल्या घराण्याला शोभत नाहीं.' त्यानंतर तो थांबला. दोन्ही वाक्यें आमचींच होतीं.

परवां आम्हीं त्याच्यापाशीं चूक कबूल केली. तो कांहीं बोलला नाहीं. मात्र दुसऱ्या दिवशीं एका नव्या अर्जाचा कच्चा खर्डा आमच्या मेजावर होता. आम्हीं त्यांतील शुद्धलेखन तपासलें. शेरा मात्र मारला नाहीं.