मत्स्यटाकीतील अमोनिया : कारणे व उपाय

गोठ्याच्या ज्या कोपऱ्यात जनावरांचे मूत्र साचून राहते, तेथे सकाळी शिरताच नाकाला झोंबणारा उग्र दर्प येतो. तो दर्प अमोनिया वायूचा होय. गोठ्यात वारा खेळता असल्यास हा वायू बाहेर निघून जातो व जनावरांस फारसा अपाय होत नाही. परंतु काचेच्या टाकीत कोंडलेल्या माशाचा गोठा म्हणजे त्याच्या भोवतीचे पाणीच होय. त्यातच तो श्वास घेतो, त्यातच खातो आणि त्यातच मलमूत्राचे विसर्जन करतो. त्या पाण्यात अमोनिया साठू लागला म्हणजे माशास दूर जावयास जागा उरत नाही.

शोभेचे मासे पाळण्याची हौस आज शहरापुरती राहिलेली नाही. खेड्यांतील घरांतून व शाळांतून काचेच्या टाक्या दिसतात. काही कुटुंबे गप्पी, मोली, गोल्डफिश यांची पैदास जोडधंदा म्हणून करतात. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासेही टाक्यांतून वाढवून गावच्या डबक्यांत सोडले जातात. यांपैकी पुष्कळ प्रयत्न पहिल्या महिन्यातच फसतात. नवी टाकी मांडली जाते, निवळशंख पाणी भरले जाते, हौसेने डझनभर मासे सोडले जातात आणि आठ-दहा दिवसांत ते एकामागून एक दगावू लागतात. रोग आला अशा समजुतीने घरधनी औषध ओततो, सगळे पाणी फेकून टाकी घासूनपुसून लख्ख करतो व पुन्हा नवे मासे आणतो. तेही मरतात. बहुतेक वेळा येथे रोग नसतोच. टाकी अद्याप मुरलेली नसते, एवढेच त्याचे कारण असते.

अमोनिया कोठून येतो?

माशाच्या खाद्यातील प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असते. शरीरास न लागलेले नत्र मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. शिवाय न खाल्लेले खाद्य, विष्ठा, सडलेली पाने व मेलेला मासा यांच्या कुजण्यानेही अमोनिया तयार होतो.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा टाकीत सुमारे ५० लिटर पाणी राहते. तीत ४० टक्के प्रथिने असलेले १ ग्रॅम खाद्य टाकले, तर त्यात ६४ मिलिग्रॅम नत्र असते. त्यातील निम्मे जरी अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरले, तरी दर लिटरमागे सुमारे ०.६ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र वाढते. एका ग्रॅमची ही कथा, तर दिवसातून चार वेळा मूठमूठ खाद्य टाकणाऱ्या घरी काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

जमिनीत चालते तेच पाण्यात

शेतात घातलेल्या युरियाचे आधी अमोनियात व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर होते, हे शेतकऱ्यास परिचित आहे. हे काम जमिनीतील जिवाणू करतात. १८७७ साली श्लोसिंग व म्युन्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व खडूची भुकटी भरलेल्या नळीतून सांडपाणी संथपणे झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच फरक पडला नाही. त्यानंतर अमोनियाच्या जागी नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया बंद पडली. पुढे त्यात थोड्या मातीचे धुवण घातल्यावर ती पुन्हा सुरू झाली. यावरून हे काम सजीवांचे असल्याचे सिद्ध झाले.

मत्स्यटाकीची गाळणी ही अशीच एक नळी समजावी. तिच्या स्पंजावर, वाळूवर व गोट्यांवर वस्ती करणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी. नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य असते. ही वस्ती पुरेशी वाढावयास साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. नव्या टाकीतील मासे मरतात ते याच काळात.

सामूचे महत्त्व

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप माशास फारसे बाधत नाही. दुसरे, म्हणजे मुक्त अमोनिया, अतिशय घातक असते. कोणते रूप किती, हे पाण्याचा सामू व उष्णता यांवर ठरते. २५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात सामू ७ असताना मुक्त अमोनियाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. सामू ८ असताना तो सुमारे ५ टक्के व सामू ९ असताना सुमारे ३६ टक्के होतो. चुनखडीच्या जमिनीवर पसरून टाकलेला युरिया अमोनिया होऊन उडून जातो, त्यामागेही हाच नियम आहे.

मुक्त अमोनिया दर लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा, असे सामान्यतः मानले जाते. वरील उदाहरणातील पाण्याचा सामू ८ व उष्णता ३० अंश धरली, तर एका ग्रॅम खाद्यानेच ही मर्यादा दुपटीहून अधिक ओलांडली जाते. म्हणून जड व अल्कधर्मी पाणी वापरणाऱ्यांनी उन्हाळ्यात विशेष दक्ष राहावे.

लक्षणे व परीक्षा

मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, कल्ले लालभडक होतात, पर मिटलेले राहतात व खाद्यावरची वासना उडते. प्राणवायूच्या कमतरतेनेही मासे वर येतात. परंतु हवेचा पंप लावताच ते लवकर सावरतात. पंप लावूनही धाप राहिली, तर अमोनियाची शंका घ्यावी. पाणी स्वच्छ दिसते यावर भिस्त ठेवू नये. अमोनियास रंग नसतो आणि माशास मारणाऱ्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. शोभेच्या माशांच्या दुकानांत मिळणाऱ्या परीक्षा-संचातील द्रव पाण्यात घालून रंग पाहावा. हे संच बहुधा एकूण अमोनिया दाखवितात; म्हणून त्यासोबत सामूही तपासावा.

तातडीचे उपाय

१. खाद्य त्वरित बंद करावे. निरोगी मोठे मासे दोन-तीन दिवस सहज उपाशी राहू शकतात.

२. मेलेले मासे, कुजकी पाने व तळाशी साचलेला गाळ नळीने ओढून काढावा.

३. टाकीतील चौथा हिस्सा ते निम्मे पाणी बदलावे व परीक्षा करून दुसऱ्या दिवशी गरजेप्रमाणे पुन्हा बदलावे. नवे पाणी टाकीतील पाण्याइतकेच कोमट वा थंड असावे.

४. नळाच्या किंवा ब्लीचिंग पावडर टाकलेल्या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन असतो. असे पाणी पसरट भांड्यात निदान एक दिवस उघडे ठेवावे, अथवा दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेट सांगितलेल्या मात्रेत वापरावे.

५. हवेचा पंप अखंड चालू ठेवावा. वीज गेल्यास तांब्याने पाणी उंचावरून ओतीत राहावे.

६. परीक्षेत नायट्राइट आढळल्यास दर लिटरला १ ग्रॅम साधे जाडे मीठ विरघळवून घालावे. मिठाने नायट्राइट नाहीसे होत नाही. परंतु कल्ल्यांवाटे ते माशाच्या रक्तात शिरण्यास अडथळा होतो.

टाळावयाच्या गोष्टी

टाकीत चुना घालू नये. त्याने सामू चढून विष अधिक तीव्र होते. बराच काळ पाणी न बदललेल्या टाकीचा सामू उतरलेला असतो. तीत एकदम पुष्कळ अल्कधर्मी पाणी ओतल्यास सौम्य अमोनियाचे घातक अमोनियात रूपांतर होते. तेथे पाणी थोडेथोडे बदलावे. तुरटीने गढूळपणा बसतो, अमोनिया जात नाही. रोगाची खात्री नसता औषधे ओतू नयेत. त्यांपैकी कित्येकांनी उपकारक जिवाणूही मरतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे गाळणी व वाळू नळाखाली खळखळून धुणे. त्यात महिन्याभराची जमलेली वस्ती एका सकाळी नष्ट होते. स्पंज धुवावयाचा झाल्यास टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा.

टाकी मुरविण्याची रीत

दुधास विरजण लावावे, त्याप्रमाणे नव्या टाकीस जुन्या, निरोगी टाकीतील स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर वाळू लावावी. पंप चालू ठेवून मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकावे. प्रथम अमोनिया वाढेल. तो उतरू लागता नायट्राइट वाढेल. शेवटी दोन्ही शून्यावर येतील व नायट्रेट दिसू लागेल. तेव्हा टाकी मुरली असे समजावे. मग निम्मे-अधिक पाणी बदलून प्रथम तीन-चार गप्पी सोडावे व दर आठवड्यास परीक्षा करून संख्या हळूहळू वाढवावी. ५० लिटरच्या टाकीत दहा-बारा लहान मासे पुरेत.

त्यानंतर खाद्य दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे व दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी परसातील भाज्यांस घालावे. त्यातील नायट्रेट हे पिकाचेच अन्न होय. मीठ वा औषध घातलेले पाणी मात्र झाडांस देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात कोणी नवी टाकी मांडीत असल्याचे कळताच मासे आणण्यापूर्वीच त्या घरी जावे, मुरलेल्या टाकीतील स्पंजाचा तुकडा मिळवून द्यावा व परीक्षेचा रंग कसा वाचावा हे घरातील मुलांकडून करवून घ्यावे. जेथे पाच-सहा कुटुंबे हा जोडधंदा करतात, तेथे एक परीक्षा-संच सामाईक ठेवल्यास खर्च अल्प येतो. जमिनीची मशागत न करता पेरणी करण्याची घाई कोणी शेतकरी करीत नाही. पाण्याच्या बाबतीतही तेवढाच, महिना-सव्वा महिन्याचा, धीर धरला तर पदरचे पैसे वाचतील व मासेही वाचतील.