तार लावण्याआधी दाताचा पूर्वेतिहास

वेड्यावाकड्या दातांना तार लावायची ती शाळकरी वयातच, ही समजूत आता मागे पडली असून चाळिशी-पन्नाशीतील माणसेही या उपचाराकडे वळू लागली आहेत. मात्र या वयात तोंडात बहुधा एखादी सिमेंट भरलेली दाढ, रूट कॅनाल करून कॅप घातलेला दात, ब्रिज किंवा इम्प्लांट आधीच असते, आणि अशा तोंडात तार लावता येईल का, ही शंका साहजिकच मनात येते.

या शंकेचे उत्तर दातावर काय बसवले आहे यापेक्षा त्याच्या मुळाभोवती काय आहे, यावर अधिक अवलंबून असते. दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतुमय थर असतो, ज्याला परिदंत अस्थिबंध म्हणतात. तारेचा हलका पण सततचा जोर या थरातून हाडापर्यंत पोहोचतो, तेव्हा दाबाच्या बाजूचे हाड अस्थिभक्षक पेशी विरघळवतात, ताणाच्या बाजूला अस्थिजनक पेशी नवे हाड रचतात, आणि दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर या संथ गतीने सरकतो. रूट कॅनालमध्ये दाताच्या आतील नस काढली जात असली तरी बाहेरचा हा अस्थिबंध शाबूत राहतो, म्हणून असा दातही सरकवता येतो. मात्र मुळाच्या टोकाशी पू किंवा सूज असल्यास आधी तिचा बंदोबस्त करावा लागतो.

दुसरा प्रश्न चिकटवण्याचा असतो. तार ज्यात अडकवतात ते ब्रॅकेट नैसर्गिक दातावर बसवताना इनॅमलला, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य कवचाला, काही सेकंद फॉस्फरिक आम्ल लावतात. पाण्याने धुऊन वाळवल्यावर ती जागा खडूसारखी पांढरी दिसते आणि तिथल्या सूक्ष्म छिद्रांत चिकटद्रव्य शिरून घट्ट होते. मायकल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली मांडलेली ही युक्ती चिनीमातीच्या कॅपवर मात्र चालत नाही. तिथे हिरड्यांचे रक्षण करून हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरावे लागते किंवा बारीक कणांच्या फवाऱ्याने पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर सिलेन नावाचे जोडद्रव्य लावावे लागते. दाढेवर धातूची कॅप असल्यास तिच्याभोवती धातूचे कडे बसवण्याचा जुना मार्ग उपलब्ध असतोच. ब्रॅकेट काढताना जुन्या कॅपचा टवका उडण्याची शक्यता असते, याची कल्पना रुग्णाला आधीच दिलेली बरी.

ब्रिजमध्ये गमावलेल्या दाताच्या शेजारचे दोन दात एकमेकांशी जखडलेले असल्याने ते स्वतंत्रपणे हलत नाहीत, त्यामुळे ते सरकवायचे असल्यास ब्रिज कापून वेगळा करावा लागतो. इम्प्लांटची गोष्ट आणखी निराळी आहे. टायटॅनियमचा हा स्क्रू हाडाशी थेट एकजीव होतो, मध्ये अस्थिबंध नसतो, आणि म्हणून तारेने तो तसूभरही सरकत नाही. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रॅनेमार्क यांनी १९६५ साली माणसाच्या जबड्यात प्रथम बसवलेल्या या रोपणाचे बळ नेमके याच स्थैर्यात आहे. तो चुकीच्या जागी असला तर अडसर ठरतो, पण योग्य जागी असला तर इतर दात ओढण्यासाठी त्याच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही.

या सगळ्यातून उपचारांचा क्रम निश्चित होतो: प्रथम कीड आणि हिरड्यांचा आजार आटोक्यात आणावा, कारण सुजलेल्या हिरड्यांवर तारेचा जोर पडला की हाडाची झीज वाढू शकते, नंतर तात्पुरत्या कॅपवर दात सरकवून घ्यावेत, आणि कायमची कॅप, ब्रिज किंवा इम्प्लांट शक्यतो दात जागेवर आल्यानंतरच बसवावे. तार लावण्याचा विचार करणाऱ्याने पहिल्या भेटीलाच जुने एक्स-रे आणि कोणत्या दातावर कधी काय काम झाले याची टिपणे सोबत न्यावीत, आणि नवी कॅप किंवा इम्प्लांट ठरलेले असल्यास तार लावणाऱ्या तज्ज्ञाचा सल्ला मिळेपर्यंत ते थांबवावे.