वैमानिकाच्या हाताला विसावा

यवतमाळजवळ भारीला जवाहरलाल दर्डा विमानतळ आहे, पण तिथून नियमित प्रवासी विमान मिळत नाही. मुंबईला उडत जायचे तर अमरावतीचे बेलोरा विमानतळ गाठता येते. १६ एप्रिल २०२५ रोजी तिथून अलायन्स एअरची सेवा सुरू झाली, एटीआर ७२ या पंख्यांच्या विमानाने. जेटची सवय झालेले लोक या विमानाला नाक मुरडतात. मला विचाराल तर विमान समजून घ्यायला याच्यासारखे दुसरे नाही.

याचा दरवाजा मागे असतो, त्यामुळे शिडीकडे जाताना शेपटी आयतीच समोर येते. तिचा उभा हलणारा भाग म्हणजे रडर. तो नाक डावी-उजवीकडे वळवतो. वरच्या आडव्या भागामागची फळी म्हणजे एलिव्हेटर. ती वर उचलली की हवा शेपटी खाली दाबते आणि नाक वर येते. पंखांच्या टोकांजवळची एलेरॉन एक वर, एक खाली अशी हलतात आणि विमान कलते. वळण खरे तर या कलण्याने मिळते. रडर ते नीटनेटके करते.

एटीआरमध्ये या फळ्या मुख्यतः तारा आणि दांड्यांनी हलतात. म्हणजे हवेचा जोर थेट वैमानिकाच्या हाताला लागतो. आता वेग बदलला, पंखांमागचे फ्लॅप उघडले, इंधन जळाले की विमानाचा तोल बदलतो आणि नाक वर किंवा खाली जाऊ पाहते. ते तासभर हाताने धरून ठेवायचे? कापसाची बंडी उलाळ किंवा धुरजड झाली, तर गाडीवान दांडी दाबून बसत नाही, ओझे सरकवतो. उडत्या विमानात ओझे सरकवता येत नाही, म्हणून ट्रिम.

एलिव्हेटरच्या मागच्या कडेला एक अरुंद पट्टी असते, ट्रिम टॅब. तिची चाल उलटी. पट्टी खाली वळवली की वारा तिला, आणि तिच्यासह अख्ख्या एलिव्हेटरला, वर ढकलतो. नाक वर राहते आणि हात मोकळा होतो. वैमानिक अंगठ्याने बटण दाबतो, बाकीचे काम वारा करतो. उड्डाणापूर्वीच प्रवासी आणि सामानाच्या वजनाच्या हिशोबाने ट्रिम लावलेला असतो. विमान अर्धे रिकामे असताना हवाई सुंदरी जागा बदलायला सांगते, ते याच हिशोबासाठी.

मोठ्या जेटमध्ये पट्टीऐवजी शेपटीचा अख्खा आडवा पंखच फिरतो. म्हणून तिथे ट्रिमची ताकद फार मोठी. बोइंग ७३७ मॅक्समध्ये एमकॅस नावाची प्रणाली हा ट्रिम आपोआप नाक खाली करण्याच्या दिशेने फिरवत असे, तेही एकाच सेन्सरच्या भरवशावर. सेन्सरने विमानाचा हवेशी असलेला कोन चुकीचा सांगितला, वैमानिक नाक वर ओढत राहिले आणि प्रणाली पुनःपुन्हा खाली ढकलत राहिली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात झालेल्या अपघातांत मिळून ३४६ माणसे गेली. एका सेन्सरवर विसंबणे हा दोष माझ्या मते वैमानिकांचा नव्हे, आराखड्याचा. भारताने मार्च २०१९ मध्ये मॅक्स जमिनीवर बसवले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली. आता ती प्रणाली दोन्ही सेन्सर ताडून पाहते, आणि वैमानिकाने दांडा ओढून आवरता येणार नाही इतका ट्रिम ती फिरवू शकत नाही.