काळी, पांढरी आणि भराव : नागरी मातीचे स्वास्थ्य व वनस्पतिउद्यानातील शिक्षण

मराठी मुलखातील जुन्या गावव्यवहारात गावच्या भूमीचे दोन भाग मानले जात. पिकाखाली असलेली ती काळी आणि वस्तीखाली असलेली ती पांढरी. मोल्सवर्थच्या कोशाने (दुसरी आवृत्ती, १८५७) हा भेद नोंदविला असून लक्षणेने ‘पांढरी’ या शब्दाचा अर्थ गावकरी मंडळी असाही झालेला आढळतो. तथापि हा शब्द केवळ वर्णवाचक नाही, हे लक्षात घेणे अवश्य आहे. वस्तीखालच्या मातीला पांढुरका, राखी रंग येतो तो चुलीतील राख, शेण, हाडे, खापरे आणि पावसाने विरघळलेल्या मातीच्या भिंती यांचे थर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांवर साचल्यामुळे. अशा मातीत चुना व स्फुरद यांचे प्रमाण वाढते. म्हणूनच शेतकरी पांढरीची माती गाड्या भरभरून काळीत नेऊन टाकीत. आणि ओसाड गावठाणाचे पांढरे टेकाड दिसले की पुरातत्त्वज्ञ तेथे प्राचीन वसाहतीचा शोध घेतात. (या गाड्यांनी कित्येक टेकाडे पुरातत्त्वज्ञ पोहोचण्यापूर्वीच संपविली, हा भाग वेगळा.) माणसाच्या राहण्याने घडलेल्या मातीला मराठीत अशा रीतीने स्वतंत्र नाव होते, आणि ते नाव निंदाव्यंजक नव्हते.

मृदाशास्त्राला मात्र असे नाव सापडावयास फार काळ लागला. वस्तुतः या शास्त्राच्या परिभाषेचा पाया लोकभाषेतच आहे. दोकुचायेव्हने १८८३ मध्ये रशियन काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याने शेतकऱ्यांचाच ‘चेर्नोझेम’ हा शब्द स्वीकारला. ‘पॉडझॉल’ हा शब्दही रशियन शेतकऱ्यांचा. त्यात ‘पोद’ म्हणजे खाली आणि ‘झोला’ म्हणजे राख. गंमत अशी की पॉडझॉलमध्ये राख नसतेच. त्यातील एक थर राखेसारखा दिसतो एवढेच. दख्खनच्या काळ्या मातीसाठी रूढ झालेला ‘रेगुर’ हा शब्द तेलुगूतील ‘रेगडि’वरून आला. निसर्गाने घडविलेल्या मातीची नावे अशी सन्मानाने शास्त्रात गेली. ज्या मातीत खरोखरीची राख आहे, ती वस्तीची माती मात्र नकाशावर ‘नागरी भूमी’ अशा मोघम शिक्क्याखाली दीर्घकाळ पडून राहिली. २००६ साली जागतिक मृदावर्गीकरणात ‘टेक्नोसोल’ हा गट प्रविष्ट झाला. वरच्या एक मीटर खोलीत घनफळाने किमान २० टक्के मानवनिर्मित वस्तू, म्हणजे विटा, काच, काँक्रीट, राख वगैरे असणे, ही त्याची एक कसोटी होय.

या नामकरणाचे बोलके उदाहरण न्यूयॉर्क शहराने घालून दिले आहे. तेथील मातीच्या प्राथमिक सर्वेक्षणाचा अहवाल २००५ मध्ये सिद्ध झाला. अमेरिकन पद्धतीत मातीच्या प्रत्येक श्रेणीला सामान्यतः ती जेथे प्रथम वर्णिली गेली त्या परिसरातील नाव देतात. त्यानुसार इमारतींच्या राडारोड्यापासून बनलेल्या मातीस ‘लाग्वार्डिया’, खाडीतून उपसलेल्या वाळूच्या भरावास ‘बिगॲपल’ आणि कचऱ्याच्या डोंगरावर पसरलेल्या मातीस ‘फ्रेशकिल्स’ ही नावे मिळाली. यांतील ‘किल’ हा डच शब्द असून त्याचा अर्थ ओढा. एका वाहत्या ओढ्याचे नाव प्रथम कचराभूमीकडे (ती १९४८ ते २००१ या काळात चालू होती) आणि तेथून एका मृदाश्रेणीकडे जावे, हा अर्थसंक्रमणाचा मासला अभ्यासकांनी टिपून ठेवावा असा आहे. या वर्णनांतील एक खूणही लक्षणीय आहे. माणसाने दुसरीकडून आणून टाकलेल्या थराच्या संज्ञेपूर्वी तेथील मृदाशास्त्रज्ञ आपल्या पोथ्यांतील काकपदासारखे चिन्ह घालतात. लेखनिक गळलेले अक्षर जेथे घुसवावयाचे तेथे काकपद मांडी. येथे तेच चिन्ह आगंतुक थर दाखविते.

याच शहरातील ब्रुकलिनचे वनस्पतिउद्यान १९१० मध्ये स्थापन झाले व १९११ मध्ये लोकांस खुले झाले. त्यासाठी १८९७ च्या कायद्याने राखून ठेवलेली ३९ एकर जमीन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राख टाकण्याची जागा म्हणून वापरात होती. घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांची राख तेथे येऊन पडे. त्याच आवारातून हिमयुगातील हिमनदीने आणून सोडलेल्या दगडगोट्यांचा बांधही जातो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी बर्फाने आणलेली माती आणि काल-परवा नगरवासीयांनी आणून टाकलेली माती एकाच फेरफटक्यात पाहावयास मिळावी, असा हा योग आहे. १९१४ मध्ये एलेन एडी शॉ यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे मुलांची बाग सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. मुलांनी स्वतः वाफा सांभाळावयाचा, पेरावयाचे, निंदावयाचे आणि आलेले पीक घरी न्यावयाचे, ही तिची पद्धत. राखेच्या ढिगाचे उद्यान होण्यास खत, श्रम व वर्षे लागतात, हे ज्या संस्थेला स्वतःच्या जन्मकथेवरून ठाऊक आहे, तिने शिक्षणाची सुरुवात वाफ्यापासून करावी हे स्वाभाविक होय.

नागरी मातीचे स्वास्थ्य बिघडते म्हणजे नेमके काय होते, हे सांगण्यास मराठी शेतकऱ्याचे शब्द पारिभाषिक शब्दांहून अधिक उपयोगी पडतात. पावसानंतर जमिनीत ओल आणि हवा यांचा मेळ बसून ती पेरणीजोगी होते, त्या अवस्थेस ‘वाफसा’ म्हणतात. या एका शब्दाचा आशय व्यक्त करावयास इंग्रजीला पुरे वाक्य लागते. शहरातील माती वाहनांनी, यंत्रांनी व पावलांनी इतकी दबते की तिच्यातील पोकळ्याच नाहीशा होतात. चांगल्या मातीच्या एका घनसेंटिमीटराचे कोरडे वजन सुमारे १.३ ग्रॅम भरते, ते १.६ ते १.८ च्या घरात गेले की मातीच्या पोताप्रमाणे मुळांची वाट अडू लागते. अशी जमीन पावसात चिबड होते, उन्हात दगडासारखी घट्ट होते, आणि या दोहोंच्या मधला वाफसा तिला क्वचितच येतो. दुसरे दुखणे चुन्याचे. सिमेंट, गिलावा व राख यांमुळे मातीचा विम्ल गुणधर्म वाढतो आणि मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माळी अशा झाडाला अधिकाधिक पाणी घालतो आणि निचरा नसलेल्या जमिनीत त्याची मुळे गुदमरवितो.

तिसरे दुखणे शिशाचे, आणि ते झाडाहून मुलाला अधिक घातक आहे. नैसर्गिक मातीत दर दशलक्ष भागांत साधारणपणे १० ते ५० भाग शिसे असते. जुन्या रंगांचे पोपडे आणि शिसेयुक्त पेट्रोलचा धूर यांनी शहरांतील मातीत ते कित्येक पटींनी वाढविले. न्यूयॉर्कने घरांच्या रंगांतील शिशावर १९६० मध्येच बंदी घातली. अमेरिकेच्या रस्त्यांवरून असे पेट्रोल १९९६ पर्यंत व भारतातून २००० मध्ये गेले. परंतु शिसे कुजत नाही, त्यामुळे जे मातीत पडले ते मातीतच आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मुलांच्या खेळाच्या जागेसाठी पूर्वी ४०० भागांची पातळी धरली होती; जानेवारी २०२४ मध्ये निवासी मातीसाठी ती २०० वर आणली गेली. येथे एक समज दुरुस्त करणे अगत्याचे आहे. धोका मुख्यतः भाजीच्या फळातून येत नाही. टोमॅटोसारख्या फळांत शिसे अल्पच चढते. तो येतो हाताला, कपड्याला, पालेभाजीला व कंदाला चिकटलेल्या मातीतून आणि धुळीतून. लहान मूल हात तोंडात घालते, आणि शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. म्हणून मुलांच्या वाफ्यांत बाहेरची तपासलेली माती घालून ते उंच बांधणे, उघडी जमीन पाचोळ्याने झाकणे आणि कंपोस्ट मिसळणे हे उपाय सांगितले जातात. कंपोस्टाने शिसे नाहीसे होत नाही. ते विरळ होते व काही अंशी बांधले जाते. ज्या चुन्याने लोह अडविले तोच चुना शिशालाही अडवितो, म्हणून नागरी मातीचा विम्लपणा सरसकट घालविणे हितावह नव्हे.

या सर्वांचे शिक्षण मराठीतून द्यावयाचे झाले तर प्रथम शब्दांचीच अडचण पुढे येते. शालेय पुस्तकांतील ‘मृदा’ काळी, तांबडी, जांभी अथवा गाळाची असते; मुंबई-पुण्यातील मुलाच्या अंगणातील माती यांपैकी कोणतीच नसते. तिच्यासाठी अभियंत्याजवळ ‘भराव’ हा शब्द आहे आणि वृत्तपत्रांजवळ ‘राडारोडा’. दोन्ही शब्द तिला माती मानीत नाहीत, आणि जी माती नव्हे तिच्या स्वास्थ्याचा प्रश्न कोण विचारणार? ‘नागरी मृदा’ हा प्रतिशब्द निर्दोष आहे, पण निर्जीव आहे. ‘पांढरी’चा अर्थविस्तार करून तो शब्द येथे योजावा, ही सूचना अधिक विचारार्ह वाटते, मात्र जुन्या पांढरीत प्लास्टिक नव्हते आणि ती निःशंकपणे काळीत नेता येत असे, हा भेद सांगूनच.

आपल्याकडील उद्यानांत झाडावर पाटी असते, तीवर नाव, कुल व मूलस्थान लिहिलेले असते. झाड ज्या मातीत उभे आहे तिचा उल्लेख सहसा नसतो. तो करावयास मोठा खर्च नाही. काचेच्या बाटलीत मूठभर माती पाण्यात ढवळून ठेवली की वाळू व विटांचा चुरा मिनिटाभरात तळाशी बसतो, गाळ काही तासांत आणि चिकणमाती कित्येक दिवसांनी. मातीवर सिरका टाकला असता बुडबुडे आले तर तीत चुना आहे. शिसे मात्र या कोणत्याही खटपटीने दिसत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत धाडावा लागतो. भारत सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेली मृदा आरोग्य पत्रिका शेतजमिनीसाठी आखलेली असून, तिच्या नत्रापासून बोरॉनपर्यंतच्या बारा बाबींत शिशाचा समावेश नाही.